एक बिल्ला जास्त

१

दीपगृहाचं दार बंद करायची एक रीत होती आणि ती मामंजींनी घालून दिली होती. वर जाणाऱ्याने दाराशेजारच्या फळ्यावरून एक लाकडी बिल्ला काढून घ्यायचा, खाली आल्यावर तो पत्र्याच्या घमेल्यात टाकायचा. बंद करायची वेळ झाली की घमेल्यातले बिल्ले परत खिळ्यांवर अडकवायचे. एकही खिळा रिकामा दिसला नाही, म्हणजे वर कोणी राहिलं नाही. मग कुलूप.

मामंजी म्हणजे आता मनोरा सांभाळणाऱ्या वहिनीचे सासरे. वरचा दिवा पेटता होता तेव्हा ते दिव्याचे रखवालदार होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या मनोऱ्यात गेलं, तरी वर जाताना ते स्वतःसुद्धा बिल्ला घेत. लोक हसायचे. "माझा मी गेलोय हे खालच्या माणसाला कळायला नको का?" असं म्हणून ते बिल्ला खिशात टाकत आणि चढायला लागत.

मामंजी गेले, दिवाही गेला. आता समोरच्या खडकावर एक लोखंडी खांब होता आणि त्याचा दिवा आपला आपण लागायचा. मनोऱ्याचं मोठं भिंग कोणीतरी काढून नेलं होतं. भिंतींचे पोपडे पडत, कठडा गंजला होता, जिन्यात दोन ठिकाणी गळक्या छपराखाली बादल्या ठेवलेल्या होत्या. दारावर दुरुस्तीची सूचना लावलेली होती. उन्हाने तिची बाकी अक्षरं उडून गेली होती. 'लवकरच' तेवढं वाचता यायचं.

"एवढा एकच शब्द टिकलाय," वन्सं म्हणायच्या, "आणि तोही खोटा!"

वन्सं म्हणजे वहिनीची थोरली नणंद. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून त्या खाली खुर्चीत बसून बिल्ले सांभाळत. वहिनी वरचं बघत असे. झाडणं, खिडक्या लावणं, पोरांना कठड्यावरून खाली उतरवणं. बेटावर हंगामात पाय ठेवायला जागा नसायची. छत्र्या, चेंडू, थंड पेयांच्या गाड्या, दिवसभर लाँचच्या फेऱ्या. समुद्राला कंटाळलेली माणसं मनोऱ्यात यायची, वर जाऊन फोटो काढायची आणि पोपड्यांवर आपली नावं कोरून जायची.

आणि घरचं माणूस वर जाताना बिल्ला घेत नसे. मामंजींनंतर ते आपोआपच सुटलं होतं. दिवसातून इतक्यांदा चढायचं-उतरायचं, त्यात कुठे फळ्यापाशी थांबणार? शिवाय घरच्याला कसला आलाय बिल्ला?

२

हंगाम सरत आला होता, तेव्हा एका संध्याकाळी सगळे खिळे भरले तरी वहिनीच्या हातात एक बिल्ला उरला.

"वन्सं, हा कुठला?"

"खिळा पडला असेल एखादा."

खिळा पडलेला नव्हता. वहिनीने बोट लावून लावून पाहिलं. उरलेला बिल्लाही इतरांसारखाच होता. तेच झिजलेलं लाकूड, भोकाभोवती तीच काळपट चकाकी. नवीन करून आणलेला म्हणावा, तर तसाही दिसत नव्हता. तिने तो खणात टाकला. दुसऱ्या दिवशी खण उघडला तर बिल्ला नव्हता आणि संध्याकाळी हातात परत एक उरला.

"कोणीतरी थट्टा करतंय," वहिनी म्हणाली.

"करू दे. बिल्ला कमी पडला तर काळजी, वर कोणी राहिलं म्हणून. जास्त झाला तर आपलं काय जातंय?"

वहिनीने हातातला बिल्ला उलटसुलट केला. "कमी झाला तर एक माणूस वर राहिलं. मग जास्त झाला तर?"

"तर काय?"

"तर गेले त्यापेक्षा एक जास्त उतरलं."

वन्सं खो-खो हसल्या. "वर कोणाचं तरी बिऱ्हाड असेल! दुपारी उतरत असेल बाजारहाटाला. उद्या दिसली बाई तर विचार हो, भाजी काय भाव मिळाली म्हणून."

वहिनीही हसली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे ती निरखून बघू लागली. उन्हाने लाल झालेले, दमलेले, साधे चेहरे. त्यांतला एक वर न गेलेला आहे, असं कुणाकडे बघून म्हणायचं?

३

पुढे तिचा घसा बसला. दिवसभर पोरांवर ओरडून दरवर्षी एकदा बसायचाच. त्या दिवशी तिने नुसत्या खुणांनीच काम भागवलं. शेवटची माणसं उतरल्यावर वरच्या खिडक्या लावून ती खाली आली, तर वन्संनी चहा गाळून ठेवलेला.

"झालं बाई, टाकला चहा. दोनदोनदा काय ओरडायचं ते? बहिरी नाहीये मी अजून."

वहिनीने घशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"नाही कशी? 'वन्सं, चहा टाका, आले मी,' असं चांगलं खणखणीत म्हणालीस की. मला वाटलं, चला, घसा सुटला."

वहिनीने कपाकडे पाहिलं. जिना गोल होता, भिंती जाड होत्या. कालचा आवाज कुठे अडकून आज खाली येणं शक्य नव्हतं, हे काय तिला कळत नव्हतं? पण वाऱ्याने होतं कधी कधी, असं तिने मनाला समजावलं. जिन्याच्या मधल्या पोकळीतून पूर्वी दिव्याच्या यंत्राची वजनं खालीवर होत असत. तिथून वारा चित्रविचित्र आवाज काढतो. मामंजीसुद्धा म्हणायचे.

मात्र वारा चहा मागतो असं ते कधी म्हणाले नव्हते.

४

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी दुपारची लाँच शेवटची. त्यानंतर समुद्र खवळायचा, दुकानांना फळ्या लागायच्या आणि बेट पुढच्या हंगामापर्यंत रिकामं पडायचं. मागे राहायला इथे कोणी थांबतच नसे.

वहिनीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. चिऊचे दिवस भरले होते. चिऊ म्हणजे तिची एकुलती लेक. नवरा गेल्यापासून वहिनीला जे काही होतं ते चिऊच. सकाळी फोन आला होता.

"आई, आज नक्की येतेयस ना?"

"नक्की. पिशवी भरलीसुद्धा."

"डॉक्टरीणबाई म्हणतात, आज-उद्या कधीही होईल. तू नसलीस ना, तर मी आत जाणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"वेडी! तुझ्या जाण्या-न जाण्यावर आहे का ते? येतेय मी. तुझ्याआधी मीच घेणार त्याला."

"टोपी झाली विणून?"

"टोपी झाली, मोजे झाले. स्वेटरची एक बाही राहिलीय, ती लाँचमध्ये करते."

दुपारी शेवटची माणसं उतरली. धक्क्यावर लाँच उभी होती आणि लाँचवाला आतूनच हात करत होता. वन्संनी घमेलं मांडीवर घेतलं.

"मी बिल्ले लावते, तू वरच्या खिडक्या लावून ये. आणि बिल्ला घेऊन जा हो, नाहीतर विसरून जाईन तुला!"

"विसराल कशा? पिशव्या कोण उचलणार मग?" वहिनी हसत म्हणाली. पिशवी तिने खुर्चीपाशी ठेवली होती. फोन, लोकर, सगळं त्यातच. पाच-दहा मिनिटांचं तर काम.

फळ्याकडे न बघता ती जिना चढू लागली.

५

मधल्या टप्प्यावर एक खिडकी होती. बोटभर जाड काच आणि काचेला बाहेरून मीठ. त्या खिडकीच्या कट्ट्यावर एक बिल्ला होता.

"विसरलं वाटतं कोणी," ती पुटपुटली आणि तिने तो मुठीत घेतला.

वरच्या खोलीत एक बाक होतं. मामंजी त्यावर बसून दिव्याकडे लक्ष ठेवायचे. त्याच्याही वर दिव्याची काचघुमटी. मधोमध भिंगाची रिकामी लोखंडी बैठक, भोवती तडकलेल्या काचा. वहिनीने एकेक झडप ओढली, कड्या लावल्या, बादल्या जागेवर सरकवल्या. ऊन होतं, भरपूर उजेड होता, खालून लाँचचं इंजिन ऐकू येत होतं. भिण्यासारखं काहीही नव्हतं.

शेवटची कडी लावताना तिच्या खालून पावलं वाजली.

कोणीतरी खिडकीच्या टप्प्यावरून खाली उतरत होतं. डावा पाय जरा जपून, उजवा भक्कम. वहिनीच्या ओळखीची चाल होती, पण कोणाची ते आठवेना. मागे एकदा याच जिन्यावरून ती पडली, खांदा मोडला, पायही मुरगळला. तेव्हापासून ती स्वतःच अशी उतरत असे.

"कोण आहे?" तिने विचारलं.

पावलं थांबली नाहीत. खाली वन्संचा आवाज आला, "लावल्या का गं सगळ्या?"

वहिनीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी खालूनच उत्तर गेलं.

"लावल्या. चला वन्सं, लाँच सुटेल."

वहिनीचा आवाज होता तो. टेप केलेला आवाज आपलाच आपल्याला कसा परका वाटतो, तसा. पण वन्संना परका वाटला नसावा.

"बघ, आज कसे बरोबर आले बिल्ले! एकसुद्धा जास्त नाही. म्हटलं नव्हतं मी?"

"म्हणाला होतात," तो आवाज म्हणाला.

६

वहिनी धावली. ओरडत, भिंतीला हात लावत, मोडक्या खांद्याची पर्वा न करता धावली. दार लागल्याचा दणका जिन्यातून वर आला, मागोमाग कुलूप खटकन लागल्याचा आवाज. ती खिडकीच्या टप्प्यावर होती. तिने काचेला तोंड लावलं.

खाली पायवाटेवरून दोघी चालल्या होत्या. वन्सं काठी टेकत टेकत. शेजारी एक बाई. निळा स्वेटर, केसांना पितळी चाप, हातात वहिनीची पिशवी.

वहिनीने स्वतःच्या अंगावर पाहिलं. निळा स्वेटर होता. डोक्याला हात लावला. चाप होता.

तिने काचेवर मुठी आपटल्या. "वन्सं! अहो वन्सं! मी इथे आहे!"

वारा होता, इंजिन होतं, वर पाहायला कोणालाच सवड नव्हती. एवढंच दिसलं की त्या बाईने पिशवी उजव्या खांद्याला अडकवली. उजवा खांदा मोडल्यापासून वहिनीने तिथे रुमालाचंसुद्धा ओझं घेतलं नव्हतं. वन्संनी काहीतरी विनोद केला आणि हसत तिच्या हातावर हात ठेवला. मग चटका बसावा तसा मागे घेतला. क्षणभर त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

'बघा वन्सं, नीट बघा,' वहिनी मनात म्हणाली.

लाँचने भोंगा दिला. वन्संनी मान झटकली आणि फळीवर पाय ठेवला.

ती बाई मागाहून चढली. तिने तोंड फिरवलं नाही. फक्त चढताना मागे हात करून, खिडकीच्या दिशेने, निरोपाचा हात हलवला.

७

दार तोडायचं, हाका मारायच्या, कोळ्यांची एखादी होडी दिसेल. वहिनीचं डोकं भराभर चालत होतं. ती खाली उतरू लागली. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि समोर बोटभर जाडीची काच आली.

चुकून वर आले का मी? असं म्हणून ती पुन्हा उतरली. या वेळी हात भिंतीवर ठेवून, मोठ्याने म्हणत, "खाली, खाली, खाली." वळण. वळण. खिडकी. कट्ट्यावरची धूळ तिच्याच मुठींनी पुसलेली.

वर मात्र जाता येत होतं. बाक, घुमटी, बादल्या, सगळं जागेवर. खालीच तेवढं काही उरलं नव्हतं.

ती खिडकीखाली बसली. भूक लागेना. तहान लागेना. ऊन भिंतीवर जिथे होतं तिथेच होतं, की रोज तिथेच येत होतं, हे तिला सांगता आलं नसतं. काचेवरच्या मिठाचा थर मात्र वाढत गेला. तिच्या डोक्यात एकच विचार गरगर फिरत होता. आपण नाही म्हणून चिऊ आत जायला नाही म्हणाली असेल का? आणि लगेच दुसरा, त्याहून वाईट. नाही कशाला म्हणेल? आई तर वेळेवर पोचली होती.

तुझ्याआधी मीच घेणार त्याला, असं आपणच म्हणालो होतो.

मुठीत बिल्ला होता. तो तिने एकदाही खाली ठेवला नाही. बाहेरच्या जगातली तेवढी एकच वस्तू तिच्याजवळ होती.

८

मग कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"अगं बाई, किती कुबट वास हा!" वन्सं. वहिनीला रडूच कोसळलं. त्यापाठोपाठ एका बाळाचं हुंकारणं आणि चिऊचा हसरा आवाज.

"आत्या, बस तू. आई, बाळाला घे, मी वरच्या खिडक्या उघडून येते."

"ये जाऊन. बिल्ला नको घेऊस," तो आवाज म्हणाला. "आपण घरचेच."

चिऊची पावलं जिन्यावर वाजू लागली. वहिनी उठली. ओरडायला हवं होतं, पण तिचा पाय आपोआप खाली गेला आणि तिला जाणवलं, पायाखाली कडा फुटलेली पायरी आहे. ज्या पायरीवरून ती पडली होती ती. इतक्या काळात ती पायरी तिला एकदाही लागली नव्हती. तिच्या खाली आणखी एक. तिच्याही खाली आणखी. खालून थंड, ओला वारा आला. दारातून येतो तसा.

वाट सुटली होती! वहिनी भिंत धरून उतरत राहिली. चिऊ एक पायरी चढली की वहिनीला खाली एक पायरी मिळत होती. चिऊ दम खायला थांबली, तर वहिनीची खालची पायरी नाहीशी झाली. चिऊ चढली, पायरी आली.

वहिनी जागच्या जागी थिजली.

वळणापलीकडे चिऊच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. आणखी चार पावलं आणि चिऊ वर, ती खाली. दार उघडं. खाली बाळ. उतरणारीची चाल चिऊसारखीच, आवाज चिऊसारखाच, कोणाला शंकासुद्धा आली नसती. तिचं सगळं अंग खाली ओढ घेत होतं.

तिने मुठीतल्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग वाकून तो पायरीच्या मधोमध ठेवला आणि उलट पावली वर सरकू लागली. एकेक पायरी, आवाज न करता.

"अरे, इथे बिल्ला पडलाय!" चिऊने तो उचलला. मग तिचा आवाज बदलला. "गरम आहे हा."

चिऊ वर बघत होती. अंधार होता, तिला दिसणं शक्य नव्हतं. पण लेकरांना वासावरूनही कळतं.

"आई?"

खाली नव्हे. वर.

स्वयंपाकघरातून, झोपेतून, आजारपणातून, त्या हाकेला वहिनीने कधी ओ दिली नाही असं झालं नव्हतं. तिने स्वेटरची बाही दातांत धरली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं. एकदा ओ दिली असती, तर चिऊ दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली असती.

"ओ!" खालून उत्तर आलं. "इथे खाली आहे मी. काय गं?"

चिऊ बराच वेळ हलली नाही. मग तिची पावलं हळूहळू उतरत गेली.

"बिल्ला सापडला," ती खाली म्हणाली.

"लाव फळ्यावर."

"सगळे खिळे भरलेत आई. हा एक जास्त आहे."

खाली बाळ हुंकारलं.

"मग टाक घमेल्यात," तो आवाज म्हणाला. "कोणाला तरी लागेल."

बिल्ला पत्र्यावर वाजला.

"आत्या, याच्या स्वेटरची ही बाही उलट्या विणीची आहे, पाहिलीस का तू?" चिऊ म्हणाली. हसत नव्हती ती. "बाळाला दे इकडे."

"अगं, असू दे की माझ्याकडे. खिडक्या राहिल्यात ना तुझ्या?"

"राहू देत. इकडे दे त्याला."

जरा वेळाने बाळ खुदकन हसलं, आईच्या कडेवर आलं की हसतात तसं. त्यानंतर चिऊची भराभर पावलं दारातून बाहेर, वाळूवर गेली.

वहिनीने बाही दातांतून सोडली. भिंत धरून तिने हलकेच एक पाय खाली टाकून पाहिला.

खाली खिडकीचा टप्पा होता.